उंदराच्या डोक्यातला ढोल

“चूक माझी. आता सांग, काय झालं?”

केबिनच्या दारात कुणी पडलेल्या चेहऱ्यानं उभं राहिलं, की मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या आणि पहिलं वाक्य हे म्हणायच्या. काचेचं भांडं फुटलेलं असो, फ्रीजचं दार उघडं राहिलेलं असो, नाहीतर कँटीनच्या उसळीत मीठ जास्त पडलेलं असो. चूक आधीच कुणीतरी घेऊन टाकल्यामुळे समोरचा माणूस खोटं बोलायच्या भानगडीत पडत नसे. माणसांकडून खरं काढून घ्यायची ही त्यांची युक्ती आहे, असं मला बरेच दिवस वाटत होतं. पुढे कळलं की बाईंना मनापासून तसंच वाटायचं.

आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. मी मनात मात्र बाईच म्हणायचो. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला शिकवणारी बाई ही बाईच असते, ती इंग्रजीत पेपर लिहीत असली तरी.

मी लालबागचा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या गेटवर वॉचमन झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. एम.एस्सी. झाल्यावर परळच्या एका संशोधन संस्थेत, हॉस्पिटलांच्या मागच्या बाजूला, मला पीएच.डी.साठी जागा मिळाली. तिथे मॅडम माझ्या गाइड.

पहिल्या दिवशी त्यांनी मला मायक्रोस्कोपखाली एक तार दाखवली. केसाहून बारीक, प्लॅटिनमची. तिच्या टोकाला जेलीसारखा थर.

“ही सुई उंदराच्या मेंदूत बसवायची. मेंदूत काय चाललंय ते ती सांगते.”

“कसं काय मॅडम?”

“तू चाळीतला ना? शेजारी काय शिजतंय ते तुला घरात न शिरता कळतं का नाही?”

“कळतं. फोडणीच्या वासावरून.”

“मग झालं तर. ही तार म्हणजे नाक.”

थोडं नीट सांगतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या रसायनांच्या भाषेत. त्यातलं एक रसायन ग्लुटामेट. सुईच्या टोकावरच्या जेलीत एक एन्झाइम असतं, शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला विकर म्हणायचो ते. हे एन्झाइम फक्त ग्लुटामेटलाच धरतं आणि मोडतं. मोडताना हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, जखमेवर ओतलं की फसफसतं ना, तेच. अर्थात इतकं थोडं की विचारू नका. त्यातून तारेत इवलासा करंट येतो. करंट वाढला म्हणजे ग्लुटामेट वाढलं. कॉम्प्युटरवर रेघ वर चढते, उतरते.

प्रत्येक सुईला एक जोडीदारीण असायची. तसलीच तार, तसलीच जेली, फक्त एन्झाइम नाही. मॅडम पहिलीला बोलकी म्हणायच्या आणि दुसरीला मुकी. उंदीर हलला, वायर ओढली गेली, शेजारच्या खोलीत कुणी मिक्सर लावला, तर दोघीही थरथरतात. मुकीची थरथर बोलकीतून वजा करायची. उरतं ते खरं.

“माणसांनाही अशी एकेक मुकी मिळायला हवी होती,” मॅडम म्हणायच्या. “आपलं किती आणि आजूबाजूचं किती, ते कळलं असतं.”

सुया त्या स्वतः करायच्या. तार एन्झाइमच्या मिश्रणात बुडवायची, वर घ्यायची, थांबायचं. टोकाशी थेंब लटकला पाहिजे, पडता कामा नये. मिश्रण फार पातळ असलं तर थर बसत नाही, फार दाट असलं तर ग्लुटामेट आत शिरत नाही. मी मापं लिहून घ्यायचो, वजनं करायचो आणि तरी माझे थेंब पडायचे.

“पाक बघितला आहेस का कधी, एकतारी?”

“आमच्याकडे लाडू आई करते.”

“मग या दिवाळीला तू कर. नंतर ये.”

मी खरंच केले. लाडू फुटत नव्हते, वडिलांनी एक खलबत्त्यात घालून बघितला. पण त्यानंतर माझे थेंब तारेवर राहायला लागले. आई सगळ्या चाळीला मालवणीत सांगत सुटली, “शिकान शिकान माझो झील लाडू करूक शिकलो.” आणि मला रोज एकच प्रश्न, “तुझां तां उंदरांचां काम कधी संपतलां रे?”

उंदरांबद्दलही सांगितलं पाहिजे. प्रयोग संपला की उंदीर मारावा लागतो, सुई मेंदूत नेमकी कुठे बसली होती ते बघण्यासाठी. नियमानं, त्याला त्रास होणार नाही अशा रीतीनं. पण मारावा लागतो. तो दिवस आला की मॅडम जेवायच्या नाहीत. कँटीनमध्ये शेजारी बसून नुसता ताकाचा ग्लास फिरवत राहायच्या. ऑफिसातल्या बायकांना वाटायचं की बाई फार देवाधर्माच्या आहेत.

“आज कुठला उपास हो मॅडम?”

“अॅसिडिटी झाली आहे.”

“गेल्या गुरुवारीही होती.”

“फणसवाडीतल्या माणसांना असतेच. जन्मापासून मिसळ.”

गिरगावातल्या या फणसवाडीत त्यांचं घर होतं, दोन खोल्यांचं. आईवडील गेल्यानंतर त्या एकट्याच राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माझ्याबद्दल मात्र त्यांना सगळं माहीत असायचं. मी लिहिलेल्या इंग्रजी मसुद्यावर एखाद्या ऐटदार वाक्याखाली त्या रेघ मारायच्या. “हे तुझं नाही. कुणाच्या घरातून उचललंस?” खरंच उचललेलं असायचं. “तुझं वाक्य वाकडं असलं तरी चालेल, मी सरळ करीन. दुसऱ्याचं सरळ वाक्य आणू नकोस.”

आता ज्या प्रयोगामुळे मी हे लिहितोय त्याकडे येतो.

नैराश्यावरचं एक औषध होतं. ते दिलं तर ताणाखालच्या मेंदूतली ग्लुटामेटची उसळी शांत होते का, हे आम्हाला बघायचं होतं. उंदरांना काही आठवडे रोज थोडा वेळ अरुंद नळीत कोंडायचं, म्हणजे ते धास्तावतात. मग अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. आणि संध्याकाळी, उंदीर जागे होतात आणि इमारत शांत होते तेव्हा, सुईवरून त्यांच्या मेंदूतलं मोजायचं.

अशा वेळी शिस्त ही असते की आज एक पाण्याचा, उद्या एक औषधाचा, असे मिसळून घ्यायचे. मॅडमनी मला हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण औषध येईना. खरेदी विभागात कुठेतरी अडकलं होतं. मॅडम म्हणाल्या, “थांबू. औषध आलं की सुरू करू.”

मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, “मॅडम, पाण्याचे उंदीर आधी उरकून घेऊ या का? औषधाचे नंतर घेऊ.”

“हे बरोबर नाही रे.”

“थांबलो तर माझी स्कॉलरशिप संपेल. मग मला कुठेतरी नोकरी धरावी लागेल. पीएच.डी. अशीच राहील.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. खिडकीकडे बघत बसल्या. त्यांच्या टेबलावर माझ्या वडिलांनी पहिल्या वर्षी पाठवलेल्या नारळाची करवंटी होती, पेनं ठेवायला. एवढ्या वर्षांत मॅडमना नियम मोडताना मी पाहिलं नव्हतं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “कर सुरू.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, जिना उतरताना मी शीळ घालत होतो.

पाण्याचे उंदीर आषाढ-श्रावणात झाले. औषध आलं, औषधाचे उंदीर गणपतीनंतर झाले. निकाल बघून आम्ही उडालोच. पाण्याच्या उंदरांमध्ये संध्याकाळी रेघ अशा उसळ्या घ्यायची की वाटावं, त्यांच्या डोक्यात कुणी नाचतंय. आणि औषधाच्या उंदरांमध्ये रेघ शांत, ताटातल्या पाण्यासारखी. मॅडमनी पुन्हा पुन्हा तपासलं. सुया बीकरमध्ये घालून बघितल्या, प्रयोगाआधी आणि नंतर. ग्लुटामेट टाकलं की रेघ पायरी पायरीनं चढत होती. सुया ठणठणीत. बोलकीतून मुकी वजा करून बघितली. उसळ्या खऱ्या.

पेपर छापून आला. पहिलं नाव माझं, शेवटचं मॅडमचं. वडिलांनी त्याचा प्रिंट काढून टॉवरच्या गेटवरच्या खुर्चीवर बसून पान उलटून उलटून बघितला. वाचता काहीच येत नव्हतं, पण नाव येत होतं. संस्थेतही मॅडमचं नाव झालं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, आणि आता त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ आणि नवा प्रोजेक्ट मिळणार, असं कॉरिडॉरमध्ये बोललं जायला लागलं.

पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा पाण्याच्या उंदरांवर एक लहानसं काम करत होतो. रोज संध्याकाळी तीच उसळी. आणि एका संध्याकाळी काहीच नाही. रेघ सपाट.

मला वाटलं, सुई मेली. एन्झाइम कधीकधी दगा देतं. सुई काढून बीकरमध्ये घातली, ग्लुटामेटचा थेंब टाकला. रेघ टुणकन चढली. सुई जिवंत होती. उंदीर जिवंत होता. मग झालं काय?

मी डोकं धरून बसलो होतो. तेवढ्यात लक्षात आलं की खोली फार शांत आहे.

संस्थेच्या मागे गिरणीचं मोकळं मैदान होतं. आमच्या भागातलं ढोल-ताशा पथक गणपतीच्या आधी तिथे रोज संध्याकाळी सराव करायचं. त्या दिवशी सराव नव्हता, कारण पथकाच्या दादांचे वडील गेले होते. सकाळी मीच त्यांच्याकडे जाऊन आलो होतो.

त्या सपाट रेघेवर मी तारीख लिहून ठेवली.

सराव पुन्हा सुरू झाला त्या दिवशी मी रेघेसमोर बसून राहिलो. ताशा कडाडला आणि रेघ उसळली. मी धावत खाली मैदानात गेलो. पथकात माझा शाळेतला मित्र होता, ढोल कमरेला बांधून उभा.

“ए, जरा थांबवा ना रे. थोडाच वेळ.”

“का रे? कुणी आजारी आहे काय?”

“नाही. उंदराला त्रास होतोय.”

सगळं पथक माझ्याकडे बघायला लागलं. मित्र म्हणाला, “उंदीर तर बाप्पाचाच रे! त्याला ढोलाचा कसला त्रास? त्याला सांग, सवय कर, मिरवणुकीत पुढे तुलाच बसायचंय.”

पोरंपोरी हसून हसून वाकली. पण थांबले बिचारे. मी वर धावत आलो. रेघ खाली येत होती, हळूहळू, कुणीतरी श्वास सोडावा तशी.

म्हणजे आमचं औषध कशालाच शांत करत नव्हतं. पाण्याचे उंदीर सरावाच्या दिवसांत मोजले गेले, औषधाचे मोजले गेले विसर्जनानंतर. ढोल थांबला होता, एवढंच. सुईनं सगळं बरोबर सांगितलं होतं. मुकी सुईसुद्धा बरोबर होती. ढोलाची थरथर तारेतून येत नव्हती, उंदराच्या काळजातून येत होती. उंदीर बाहेरगावच्या शांत प्राणिगृहात वाढलेले. त्यांनी असला आवाज जन्मात ऐकला नव्हता.

आणि आम्ही? मी लालबागचा, मॅडम गिरगावच्या, प्राणिगृह सांभाळणारे काका काळाचौकीचे. आमच्यापैकी एकालाही त्या खोलीत कधी ढोल ऐकू आला नव्हता. तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला हे कळेल. श्रावणात ढोल वाजतो म्हणजे पंखा चालू असतो तसा चालू असतो. बंद पडला तरच लक्षात येतं. पुण्याचा, नागपूरचा, कुठलाही माणूस त्या खोलीत एक संध्याकाळ बसला असता तर त्यानं विचारलं असतं, हा काय आवाज?

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या दारात उभा राहिलो.

“चूक माझी,” त्या हसून म्हणाल्या. “आता सांग.”

मी रेघा दाखवल्या. सराव असलेली, नसलेली, मध्येच थांबवलेली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग उठून त्यांनी खिडकी उघडली. मागे सराव सुरू झालाच होता.

“हा रोज असतो?”

“असतो मॅडम.”

“मला ऐकूच आला नाही रे.” त्या खिडकीचा गज धरून उभ्या होत्या. “इतकी वर्षं इथे बसते मी.”

“मलाही नाही आला.”

“ते सगळे उंदीर,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी केलंच नाही. त्या दिवशी कुठलाही उंदीर मारायचा नव्हता. तरी डबा तसाच घरी गेला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून समोर बसवलं. दार लावून घेतलं, जे त्या कधी करत नसत.

“काय करायचं? तू सांग. पहिलं नाव तुझं आहे.”

“पेपर मागे घ्यायचा, मॅडम.”

क्षणभरही न थांबता म्हणालो. मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही सांगतो. वॉचमनचा मुलगा, कुणाचं काही लाटलं नाही, खोटं बोलणार नाही, असलं सगळं छातीत भरून आलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखाद्या लहान मुलानं पाढा बरोबर म्हटल्यावर बघतात तसं.

“बरं,” त्या म्हणाल्या.

तेच “बरं”, जे त्यांनी माझ्या स्कॉलरशिपच्या वेळी म्हटलं होतं. तेव्हा मला ते जाणवलं नाही.

पेपर मागे घेताना एक छोटा खुलासा छापावा लागतो. तो मॅडमनी लिहिला, मला न दाखवता. त्यात म्हटलं होतं की प्रयोगांचा क्रम ठरवण्याची चूक सर्वस्वी वरिष्ठ लेखिकेची आहे, आणि ती चूक शोधून काढली प्रथम लेखकानं. छापून आल्यावर मी वाचलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, असं कुणालाही वाटेल. क्रम त्यांनीच ठरवला होता. मी फक्त विचारलं होतं.

मी केबिनमध्ये गेलो. “मॅडम, हे असं का लिहिलंत? मी तुम्हाला भरीला घातलं होतं.”

“गाइड कोण आहे?”

“तुम्ही.”

“मग? विद्यार्थी काय, काहीही मागतो. तू पाण्याचे उंदीर आधी मागितलेस, उद्या कुणी हत्ती मागेल. नाही म्हणायचा पगार मला मिळतो.”

मुदतवाढ झाली नाही. प्रोजेक्ट दुसऱ्या कुणाला गेला. ऑफिसातल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, “त्या पेपरावरच तर सगळं चाललं होतं. मॅडमना माहीत नव्हतं काय? चांगलं माहीत होतं.” म्हणजे समोर बसवून मला “काय करायचं” असं विचारताना त्यांना माहीत होतं. आपली दोन वर्षं, आपल्या सुया, आपलं नाव, सगळं त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवलं होतं, आणि मी एका झटक्यात खाली लोटलं होतं.

मी चुकीचं सांगितलं असं मला आजही वाटत नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. पण निदान एक रात्र मागून घ्यायला हवी होती. निदान विचारायला हवं होतं, “मॅडम, तुमचं काय होईल?”

निरोपाच्या दिवशी ऑफिसनं नेहमीसारखी शाल आणि नारळ दिला. भाषणं आटोपशीर झाली. त्या पेपराचा विषय कुणी काढला नाही आणि म्हणूनच तो सगळीकडे होता. मी बोलायला उठलोच नाही. रडेन अशी भीती वाटली, असं मी मित्रांना सांगितलं. खरं म्हणजे, त्यांच्याकडे बघून काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या गाइडच्या हाताखाली, त्यांच्या प्रोजेक्टच्या पगारावर, मी सगळे प्रयोग पुन्हा केले, नीट मिसळून, आवाज अडवणाऱ्या खोलीत. औषधाचा काही परिणाम दिसला नाही. “परिणाम नाही” एवढ्याच निकालावर मला डॉक्टरेट मिळाली. आईनं विचारलं, “म्हणजे इतक्या वर्षांनी काय कळलां?” मी म्हटलं, “काही होत नाही हे कळलं.” ती म्हणाली, “तां माका पयलीच म्हायत होतां.”

नंतर नोकरीच्या मुलाखती झाल्या. नवी मुंबईत रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्या करणारी एक कंपनी आहे. त्या पट्ट्याही तशाच, एन्झाइम आणि करंट. मुलाखत घेणाऱ्यांनी इंटरनेटवर माझं नाव टाकून आधीच बघितलं होतं. वरच तो मागे घेतलेला पेपर, त्यावर लाल पट्टी, आणि खाली तो खुलासा.

“स्वतःची चूक स्वतः शोधून काढलीत? अशी माणसं मिळत नाहीत हो.”

“थँक यू, सर.”

“आणि तुमच्या गाइड?”

“त्या रिटायर झाल्या.”

मला नोकरी मिळाली. ऑफिसात कुणी नवीन आलं, कुणाचा निरोप असला, की लोक म्हणतात, “तो ढोलाचा किस्सा सांग रे.” मी सांगतो. चांगला सांगतो, असं लोक म्हणतात. उंदीर तर बाप्पाचाच, या वाक्याला हमखास हशा पडतो. प्रयोगांच्या क्रमाबद्दल मी एवढंच म्हणतो की औषध उशिरा आलं आणि मॅडमनी पाण्याचे उंदीर आधी घेतले. मग पुढे जातो.

मॅडमना भेटायला जायचं मी टाळत राहिलो. दिवाळीला फोन करायचो. त्याच जास्त बोलायच्या, आईचे गुडघे कसे आहेत ते विचारायच्या. फणसवाडीची इमारत पाडायला काढली तेव्हा त्या अँटॉप हिलला, भाच्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेल्या, हेही मला फोनवरच कळलं. शेवटी एका रविवारी गेलो. ती आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्याआधीच त्या गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

तिसरा मजला. दार त्यांनीच उघडलं. बारीक झाल्या होत्या. थालीपीठ केलं होतं, माझ्यासाठी गरम करून वाढलं आणि समोर बसल्या. लॅबमधली एक मुलगी आता माझ्याच कंपनीत आहे. ती त्यांना भेटून गेली होती.

“तू ढोलाचा किस्सा फार छान सांगतोस म्हणे.”

“असंच, मॅडम. ऑफिसात.”

“मला सांग की. मी कुठे ऐकला आहे?”

“तुम्हाला काय सांगू? तुम्ही होतात ना.”

“होते, पण ऐकला नाही. सांग.”

सांगावाच लागला. चाचरत सुरुवात केली. त्या मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. एकतारी पाक आला, वडिलांचा खलबत्ता आला, त्या हसल्या. आणि मी त्या जागी पोचलो. औषध उशिरा आलं. आणि मॅडमनी...

मी थांबलो.

“पुढे?”

“मॅडम, इथे मी एक गोष्ट गाळतो.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “ती मुलगी सांगत होती, तेव्हा माझ्या लक्षात आलं.”

मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी बोलावं असंच मला वाटत होतं. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो, आणि त्यालाच भीत होतो.

“गाळतच जा,” त्या म्हणाल्या. “स्कॉलरशिप मध्ये आणलीस तर लोक गंभीर होतात. मग उंदीर बाप्पाचा, त्याला कुणी हसणार नाही. गोष्ट पडेल.”

“पण मॅडम, लोकांना वाटतं की तुमचीच...”

“वाटू दे रे. कोण ओळखतं मला साखरेच्या पट्ट्यांच्या कंपनीत? तू पुढे सांग. तुझा मित्र ढोल बांधून उभा आहे.”

मी पुढे सांगितलं. त्या खळखळून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदरानं डोळे पुसत. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला एकदाही हसू आलं नाही.

निघालो तेव्हा अंधारून आलं होतं. जिन्यातल्या दिव्याचं बटण त्यांच्या दाराशेजारी होतं. त्यांनी ते लावलं.

“सावकाश उतर, दुसऱ्या मजल्यावर एक पायरी तुटली आहे. तू खाली पोचलास की बंद करते.”

मी भराभर उतरलो, त्यांना फार वेळ उभं राहावं लागू नये म्हणून. खाली पोचल्यावर हाक मारून सांगायचं होतं, पोचलो म्हणून. हाक मारली नाही. गेटपर्यंत गेलो आणि वळून बघितलं. जिन्याच्या जाळीतून तिन्ही मजल्यांवर उजेड दिसत होता. मी थांबलो, बराच वेळ थांबलो. दिवा चालूच होता. मी अजून जिन्यातच आहे, असं त्यांना वाटत असावं.